खालची ओळ

मी एक जुना फळा आहे. काळा, खडूने लिहायचा, दोन फळ्या जोडून केलेला. मित्रांनो, एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही हसणार नाही. मी भित्रा आहे. ओल्या फडक्याचं नाव काढलं तरी माझ्या मधल्या सांध्यात कळ येते.

सुताराने मला घडवलं ते एका शाळेसाठी. तिथे मी बेरजा पाहिल्या, वजाबाक्या पाहिल्या, आणि फळ्यापाशी उभं राहून रडणारी मुलंही पाहिली. माझा एक कोपरा उडाला तेव्हा शाळेने मला भंगारात काढलं. भंगारवाल्याच्या दारात मी पालथा पडून होतो. आता चुलीत जाणार, या धास्तीने माझा रंग जागोजाग उडाला. तेवढ्यात एका बाईने मला उलटं केलं, बोटाने टकटक वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "आवाज अजून भरीव आहे. द्या हा."

ही बाई म्हणजे काकू. तिची चार टेबलांची खानावळ आहे. स्वयंपाक तिचा दीर करतो. टेबलं एक वाढपी सांभाळतो, तो दारातून वाकूनच आत शिरतो म्हणून सगळे त्याला उंच्या म्हणतात. घरी त्याची बायको आहे, लेक आहे; तेव्हा ती लहान होती. दाराबाहेरच्या खिळ्यावर मी. मला वाचल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकत नाही. पदार्थ वाचताना माणसांचे डोळे चमकतात आणि भाव वाचताना बारीक होतात.

रोज सकाळी काकू ओलं फडकं घेऊन येई. मी अंग चोरून घेई. ती मात्र पुसता पुसता गुणगुणत असे:

कालचं पुसते बाई, आजचं लिहिते बाई,
शेवटच्या ओळीला गं हात माझा जात नाही.

आणि खरंच, माझी सगळ्यात खालची ओळ ती कधी पुसत नसे. 'साधं जेवण – चाळीस.' सूप, पाव आणि एक भाजी. वरचे भाव चढत गेले, खालची ओळ तीन वर्षं जागची हलली नाही. कारण ती ओळ एका माणसाची होती.

तो माणूस म्हणजे शिंपीकाका. म्हातारा, एकटा. ज्या दुकानात जन्मभर शिलाई केली ते दुकान केव्हाच बंद झालेलं. दुपारी एकच्या सुमारास ते यायचे, माझी खालची ओळ वाचायचे, मान डोलवायचे आणि खिडकीजवळच्या टेबलापाशी बसायचे. त्या टेबलाचा एक पाय आखूड. काकांनी स्वतःच कापडाची चौपदरी घडी त्याच्याखाली सारली होती, कडा दुमडून, टाके घालून. "टेबलाला पण मोजा घातलात की!" उंच्या म्हणायचा. "थंडी वाजते त्याला, तुझ्यासारखं ढिम्म नाही ते," काका म्हणायचे. जेवण झालं की ते बशीखाली एक नाणं ठेवत आणि उठताना उंच्याला हळूच सांगत, "हे तुझं." टिप म्हणून ती काही फार नव्हती. पण एकही दिवस चुकली नाही.

मग तेल महागलं, गॅस महागला. दीर रोज कढईवर झारा आपटू लागला. "वहिनी, ती खालची ओळ आपल्याला खाणार एक दिवस." शेवटी एका सकाळी काकूने डोळे मिटून फडकं खालपर्यंत आणलं. त्या दिवशी ती गुणगुणली नाही. 'पन्नास' लिहिताना खडू दोनदा मोडला.

एक वाजता काका आले. वाचलं. पुन्हा वाचलं. माझ्यासमोरच तळहातावर नाणी पसरून मोजली. माझा जीव टांगणीला लागला. पण ते आत गेले, नेहमीसारखे जेवले, पैसे दिले आणि बशीखाली नाणं ठेवून बाहेर पडले.

मागून उंच्या धावत आला. नाणी मोजणारा हात त्याने काचेतून पाहिला होता. काकांच्या कोपरावरचं ठिगळही पाहिलं होतं. बिचाऱ्याच्या मनात पाप नव्हतं हो! माझ्याखाली त्याने काकांना गाठलं आणि नाणं पुढे केलं.

"काका, हे राहू द्या. तुम्हालाच लागेल."

काका नाण्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "मी गिऱ्हाईक आहे रे इथला."

त्यांनी नाणं घेतलं. खिशात टाकायला गेले तर हात एकदा बाहेरून घसरला, दुसऱ्यांदाही घसरला. आयुष्यभर खिसे शिवलेल्या माणसाला स्वतःचा खिसा सापडेना. मग मूठ तशीच मिटून ते चालू लागले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही नाही.

काकू त्या वेळी आत पाव कापत होती. तिला काय ठाऊक? तिने सरळ भावाला दोष दिला. "दहाने माणूस तोडला मी," म्हणाली, आणि लिहिलं, 'पंचेचाळीस'. मग चाळीस. मग पस्तीस. उंच्याला सगळं ठाऊक होतं, पण नोकरी जाईल या भीतीने त्याची जीभ टाळूला चिकटली होती. आणि मी? माझ्या अंगावर रोज शेकडो अक्षरं असतात, मित्रांनो, पण त्यातलं एकही माझं नसतं. बघितलेलं सांगता येत नाही, याच्याएवढी भीती दुसरी नाही.

खिडकीजवळच्या टेबलावर काकू कुणाला बसू देईना. "म्हातारा जीव, एकटा राहतो... काही बरंवाईट झालं असेल तर आपल्याला कोण कळवणार?" ती दिराला विचारी. घर कुठे आहे, कुणालाच माहीत नव्हतं.

पण मी त्यांना पाहिलं होतं! रस्त्यापलीकडे, औषधांच्या दुकानाच्या आडोशाला उभे राहून ते माझी खालची ओळ वाचायचे. आकडा खाली आला की त्यांचा चेहरा अधिकच उतरायचा आणि ते लगबगीने निघून जायचे. ते चिडलेत, आता कधीच येणार नाहीत, असं मला वाटे.

इकडे तीस झालं, पंचवीस झालं. नवी गिऱ्हाइकं दारात घुटमळू लागली. "एवढं स्वस्त? शिळंबिळं नाही ना?" जी आत येत ती फक्त साधं जेवण मागत. दिराने एप्रन काढून खुर्चीवर टाकला. "वहिनी, आणखी खाली आणलंत तर उद्या या फळ्यावर 'बंद आहे' एवढंच लिहायचं उरेल." ते दोन शब्द माझ्या काळ्या अंगावर कसे दिसतील, ते मला दिसू लागलं. त्या रात्री मी आत भिंतीला टेकून थरथरत होतो.

सकाळी काकूने लिहिलं, 'वीस'. आणि एक वाजता काका रस्ता ओलांडून तरातरा आले. न वाचताच आत घुसले.

"काय गं, बंद करतेस की काय?"

काकूच्या हातातला पाव खाली पडला. "काय बंद?"

"खानावळ! रोज भाव उतरतोय, बघतोय मी. आमच्या मालकाने पण आधी शिलाई निम्म्यावर आणली आणि मग कुलूप लावलं. मला झोप नाही चार रात्री!"

"अहो, तुमच्यासाठीच उतरवतेय ना!"

"माझ्यासाठी? मी कधी म्हटलं महाग आहे म्हणून?"

"मी हेच सांगत होतो, वहिनी!" आतून दीर ओरडला.

"तुम्ही गप्प बसा, भावोजी." काकू काकांकडे वळली. "मग आला का नाहीत?"

काकांनी उंच्याकडे एकदा पाहिलं आणि खिडकीबाहेर बघू लागले. नाव घेतलं नाही. उंच्याच पुढे आला. एवढा ताडमाड माणूस, पण मला तो शाळेत फळ्यापाशी उभ्या असलेल्या पोरासारखा दिसला.

"माझ्यामुळे, काकू. मी त्यांची टिप परत केली. मला वाटलं, त्यांनाच..."

"तुला वाटलं," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "अरे, दिवसभरात मला कुणाला काही द्यायला मिळतं ते तेवढंच. तेही तू परत दिलंस."

आत सूप उतू गेलं, तरी दीर हलला नाही.

मग काका बाहेर आले. काकूचा खडू त्यांनी घेतला नाही. खिशात हात घातला, आणि या वेळी खिसा पहिल्याच झटक्यात सापडला. त्यातून शिंप्याचा चपटा, मेणाचा खडू निघाला. तळहाताने त्यांनी 'वीस' पुसलं आणि कापडावर खूण करावी तसं ठाशीव लिहिलं, 'पन्नास'.

"चाळीस तरी ठेवा," काकू काकुळतीने म्हणाली.

"तुझं तेल काय चाळिसाला येतं?" काका म्हणाले आणि आपल्या टेबलापाशी जाऊन बसले.

जेवण झालं. बशीखाली नाणं ठेवलं. "हे तुझं." उंच्याने ते उचललं. "थँक्यू, काका." नाणं उंच्याच्या खिशात पडेपर्यंत काका तिथेच उभे राहिले, मग निघाले.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. भाव पुन्हा चढले, पुन्हा लिहिले गेले. पण मेणाचा खडू फडक्याला जुमानत नाही. तिरप्या उन्हात पाहिलंत तर आजच्या आकड्याखाली तो 'पन्नास' अजून दिसतो. काकू त्या ओळीवरून फडकं अलगद फिरवते आणि गुणगुणते.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. माझा मधला सांधा सुटत चालला आहे. मला पुसायचं तर कोरड्याने पुसा, एवढीच माझी विनवणी होती. आता आणखी एक आहे. कुणी तुमच्यापुढे नाणं धरलं, फूल धरलं, पावाचा अर्धा तुकडा धरला, तर त्याच्या कोपरावरचं ठिगळ पाहू नका. हात पुढे करा आणि घ्या.

आता एक वाजत आला आहे. काकांचं चालणं हल्ली फार हळू झालं आहे, त्यामुळे रोज या वेळेला माझ्या सांध्यात कळ येतेच. टेबलाच्या पायाखाली कापडाची घडी आहे, बशी पालथी घालून ठेवली आहे. उंच्या दारात वाकून रस्त्याकडे बघतो आहे. मीही बघतो आहे.

तो पाहा, औषधांच्या दुकानाकडून कुणीतरी येतंय. कोपरावर ठिगळ आहे.