सांजेची इभूती

सौंदर्याच्या कपड्यांच्या घडीघडीत अक्काताईनं चिमूटचिमूट इभूती घातली, कुणाला न सांगता. लेक पंजाबाकडं इलेक्ट्रॉनिक चिपांच्या सरकारी कारखान्यात नोकरीला निघाली होती. एवढ्या लांब सोबतीला घरचं काहीतरी असावं, एवढंच तिच्या मनात.

घर लिंगायताचं. पहाटे पूजा झाली की कपाळावर भस्माची तीन बोटं ओढायची, मगच चुलीपुढं बसायचं. सौंदर्या लहान होती तेव्हा झोपेतच तिच्या कपाळाला इभूती लागायची आणि अक्काताई गुणगुणायची,

लेकीच्या कपाळी, तीन बोटं इभूती
वाटंनं चालती, तीन दिवे संगती

सौंदर्याचा बाप रामलिंग मात्र गल्लीभर पेढे वाटत फिरला. उद्यमनगरात त्याची लहानशी फौंड्री. अठ्ठ्याण्णव साली पोखरणला अणुस्फोट झाले, बाहेरच्या देशांनी माल द्यायला हात आखडता घेतला, आणि नेमकं तेव्हाच भट्टीचं कंट्रोल कार्ड जळालं. त्यावरची चिप तिकडनं यायची. तिकडच्या कंपनीनं कळवलं, सरकारची परवानगी येईपर्यंत थांबा. आख्खा पावसाळा भट्टी थंड पडली. भट्टीच्या तोंडाशी मांजरीनं पिल्लं घातली.

त्यामुळं आता, दोन हजार सातात, आपलं सरकार चिपांसाठी पैसा ओतणार, पंजाबाकडचा जुना कारखाना नवा करणार असं ऐकल्यावर त्याला घरचंच कार्य असल्यासारखं वाटलं. ज्याला त्याला सांगायचा, "तिकडं कुणीतरी मान हलवली न्हाई, म्हणून हितं माझी भट्टी इझलेली. आता माझीच पोरगी करणार चिपा. बघू कोण अडवतंय."

आठवड्यानं सौंदर्याचा फोन आला.

"अव्वा, माझ्या कपड्यात काय घातलंयस?"

"काय न्हाई. जराशी इभूती."

"जराशी? झटकंल तिथनं पडतीया. अगं, आमच्याकडं आत धूळ चालत न्हाई. पावडर न्हाई, काजळ न्हाई. वरनं पांढरा झगा घालायचा, तोंड बांधायचं. हवेतली धूळ मोजणारं यंत्र हाय. मी आत पाऊल टाकलं आणि ते बोंबलाय लागलं."

"इभूतीला धूळ म्हणतोय व्हय तुझा सायब?"

"यंत्र म्हणतंय, अव्वा. त्येला काय कळतंय? एक कण बसला तरी चिप वाया जाती. पुन्हा असं झालं तर आतलं काम काढून घेतो, ऑफिसात कागद लावत बस म्हणालेत."

अक्काताईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग कपाळाला?"

"पूजा करते की. लिंग गळ्यात हाय, झग्याच्या आत. इभूती तेवढी लावत न्हाई."

अक्काताईनं फोन ठेवला. त्या दिवशी आमटीत मीठ पडलं नाही. रामलिंगनं तिच्या तोंडून फोनवरचं सगळं ऐकलं, दोन अळणी घास खाल्ले आणि म्हणाला, "अगं, तू इभूती चाळून घेतीस ना, पातळ फडक्यातनं? खडा ऱ्हाऊ नये म्हणून?"

"मग?"

"तिथं हवाच चाळत्यात. तुझ्यापेक्षा सोवळी माणसं हायती ती."

"मला नका शिकवू. मीठ घ्या."

रात्री मात्र ती त्या चाळलेल्या हवेचाच विचार करत पडली. एवढा जपून केलेला जिन्नस, आणि आपल्या हातची चिमूट त्याला नासवणार. लेकीनं शिकून शिकून कागद लावत बसायचं, ते आपल्या मायेपायी. तिला ते बघवेना.

सकाळी तिनंच फोन लावला. "कामावरनं कवा येतीस?"

"सांजच्याला."

"आल्यावर आंघोळ कर, पूजा कर, मग लाव. रातभर ऱ्हाऊ दे. सकाळी डोक्यावरनं पाणी घे आणि जा. आणि कपडे सगळे धू, घड्या उलगडून."

"चालंल अव्वा तसं?"

"देवाला काय घड्याळ हाय? मी बी सांजेलाच लावीन."

"तू कशाला? तुला कोण अडवतंय?"

"तू एकटीच दिवसभर मोकळ्या कपाळानं फिरणार व्हय? बरं दिसत न्हाई."

शेजारच्या बाळाबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. नळावर तिनं विचारलंच, "आक्का, आज नुसतंच कुंकू? इभूती इसरलीस वाटतं."

"इसरत न्हाई. ड्यूटीवर हाय."

"कसली ड्यूटी?"

"चिपांची," अक्काताई म्हणाली आणि घागर कमरेवर घेतली.

दिवस कलला. पूजा आटोपून तिनं फोन कानाशी धरला, उजव्या हाताची तीन बोटं इभूतीत बुडवून ठेवली. पलीकडं लेकीच्या बांगड्यांचा आवाज आला.

"अव्वा, बोटं बुडवलीत. लावू?"

"थांब जरा. तुझ्या अप्पानं बी सकाळपास्नं लावली न्हाई. मोरीत तोंड धुत्यात. भट्टीची काजळी काय निघंना त्यांची."