बाबांच्या हातचं कपाट

बाबांनी केलेली वस्तू उलटी करून बघायची नाही, असा काही घरात नियम नव्हता. पण आजवर कुणी बघितली नव्हती. थोरलीने बघितली तीही केर काढताना धक्का लागून तिपाई आडवी झाली म्हणून.

तिपाई म्हणजे मूळचं दुकानातलं सगळ्यात स्वस्त स्टूल. बाबांनी त्याचे पाय कापले, वर एका मोडक्या खणाचा तळ बसवला आणि आईच्या उशाशी औषधं ठेवायला दिलं. निवृत्त झाल्यापासून त्यांचा हाच उद्योग होता. खोक्यातून येणारं, घरी जोडायचं स्वस्तातलं फर्निचर आणायचं आणि त्याचं भलतंच काहीतरी करायचं. टॉवेलच्या दांडीवर पळ्या आणि झारे लटकले, पडद्याच्या कड्यांत झाकणं अडकली, चाकं लावलेला खण पलंगाखाली गेला. "बाबांसमोर कंगवा ठेवू नका, शिडी करतील," असं थोरलीचा नवरा म्हणायचा आणि बाबाच सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

स्क्रू मात्र त्यांनी जन्मात विकत आणला नाही. खोक्यांतून उरलेले बिस्किटांच्या डब्यात जमा व्हायचे, तेच वापरायचे. आखूड, चकचकीत, डोक्यावर फुली असलेले.

तिपाईखाली तसला एकही स्क्रू नव्हता. होते ते लांब, काळे. कोपऱ्यांत लोखंडी पट्ट्या, आखून मारल्यासारख्या सरळ. आणि त्यांच्या शेजारी बुजवलेली भोकं. एका पायापाशी पाच, दुसऱ्यापाशी सात, कशीही भरकटलेली.

"आई, हे कुणी केलं?"

आई कपड्यांच्या घड्या करत होती. मान वर न करता म्हणाली, "कोपऱ्यावरच्या सुताराने."

"कधी?"

"वर्षभर तोच करत होता. हात थरथरायचा ना त्यांचा. अकराला ते वाचनालयात गेले की हा यायचा. बारापर्यंत आवरून जायचा."

"आणि बाबांना…"

"त्यांना कशाला कळू देतेय? परत आले की हलवून बघायचे. म्हणायचे, हत्ती बसू दे, ढिम्म हलणार नाही. मग दिवसभर खुशीत."

एवढ्या वर्षांच्या संसारात आईने बाबांचं तोंडभरून कौतुक केलेलं थोरलीला आठवत नव्हतं. आणि हे मात्र केलं होतं, गुपचूप, पट्टी पट्टी करून. ती तिपाई सरळ करायला वाकली आणि तिथेच थांबली. काहीच हलत नव्हतं, म्हणून तर बाबांना हुरूप आला होता. म्हणून तर वारण्याच्या आठवडाभर आधी ते हत्यारांची पिशवी घेऊन धाकट्याकडे गेले होते. चपला ठेवायचे दोन रॅक एकाला एक जोडून, वर दारं लावून त्यांनी नातीसाठी कपाट केलं होतं आणि ते भिंतीवर टांगून आले होते.

"धाकट्याकडचं कपाट कुणी पक्कं केलं?"

आईचे हात थांबले.

"आई."

"तिकडे सुतार कसा पाठवणार? त्याला कळलं असतं."

"त्याच्याखाली बाळ झोपतं!"

"अडीच महिने झाले. पडायचं असतं तर पडलं असतं." आईने झालेली घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली. थोरलीने पायात चपला सरकवल्या तेव्हा मागून आवाज आला, "त्याला यांच्या हाताचं काही सांगू नकोस गं. त्याच्या मनात ते आहेत तसे राहू देत."

थोरलीने रस्त्यातून तीनदा फोन केला. धाकट्याने उचलला नाही. प्रत्येक वेळी घंटा पूर्ण वाजू दिली तिने, जणू मध्येच बंद केली तर काही पडेल.

दार धाकट्यानेच उघडलं. "हळू बोल, आत्ताच झोपलीये. फोन आवाज बंद करून ठेवला होता. काय गं, एवढी धापा टाकतेस?"

ती सरळ आतल्या खोलीत गेली. चार महिन्यांची पोर पाळण्यात मुठी वळून झोपली होती. बरोबर तिच्या डोक्यावर कपाट. दारं धड मिटत नव्हती, इतकं भरलेलं. दुधाच्या पावडरीचे डबे, दुपटी, औषधाच्या बाटल्या, आणि वर धाकट्याची जाडजूड पुस्तकं.

"पाळणा त्या भिंतीला घे," थोरली म्हणाली.

"का?"

"खिडकीतून वारा येईल."

"तिकडे खिडकी कुठे आहे?" धाकटा हसला. "ताई, तुला खोटं बोलता येत नाही, तू प्रयत्न करू नकोस."

"कपाट पक्कं नाहीये."

त्याचं हसू गेलं. "बाबांनी बसवलंय ते."

"म्हणूनच सांगतेय."

भावजय स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारात उभी राहिली. धाकट्याने तिच्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "शेवटची वस्तू आहे ती त्यांची. चार तास खपत होते. मला ड्रिलला हात लावू दिला नाही, खोलीबाहेर काढलं. आणि तू आता त्यांच्या कामात खोड काढायला आलीस?"

"त्यांचा हात थरथरायचा. घरातली प्रत्येक वस्तू आईने सुताराकडून दुरुस्त करून घेतलीये. उलटी करून बघ."

"काहीतरीच! हे बघ." त्याने कपाटाची खालची कड धरली आणि चांगला हिसका दिला. डबे खडखडले. पोर दचकली, ओठ हलवून परत झोपली. कपाट जागचं हललं नाही. "बघितलंस?"

थोरलीला बघवत नव्हतं. "आईला विचार," ती म्हणाली. तिच्यापाशी दुसरं काही उरलंच नव्हतं.

त्याने फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा समोर धरला. "आई, बाबांचा हात थरथरायचा का गं?"

पलीकडून कापड झटकल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "छे रे. शेवटपर्यंत लोखंडासारखा होता."

धाकट्याने बहिणीकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. दुःखाने डोकं फिरलेल्या माणसाकडे बघतात तशी. थोरलीने मान खाली घातली. आणि म्हणून तिलाच आधी दिसलं. बाळाच्या निळ्या दुपट्यावर पांढरी भुकटी पडली होती. चिमूटभर. बघता बघता आणखी थोडी पडली.

भावजयीने पुढे होऊन पोरीला उचललं, छातीशी धरलं आणि ती खोलीबाहेर गेली.

भिंतीतून कुरकुर ऐकू आली, उंदराने काहीतरी कुरतडावं तशी. कपाटाचा डावा कोपरा बोटभर पुढे आला. फोन रिकाम्या पाळण्यात टाकून धाकट्याने दोन्ही हात वर लावले. "ताई, खालून धर! धर ना!"

तिने खांदा लावला. वरून डबे एकेक करून घसरले, एक तिच्या पाठीवर आदळून फुटला. दोघं बहीणभाऊ कपाटाखाली वाकून उभी राहिली. ते सोडताही येईना आणि पेलवेनाही.

पाळण्यातून आईचा आवाज येत होता. आपण मघाशी काय म्हणालो याचं तिला भान नव्हतं.

"बाळाला उचललं का? अरे, आधी बाळाला उचला! बोला ना कुणीतरी!"