नाडीमहाराजांची काख

"थांबली! महाराजांची नाडी थांबली!"

कागलजवळच्या मठात एकच गलका झाला. नाडीमहाराज डोळे मिटून बसले होते आणि जो तो त्यांचं मनगट चाचपत होता. ठोका खरंच लागत नव्हता. "भक्ताचं मरण आम्ही अंगावर घेतो," असं महाराजांनी आधीच बजावलं होतं. मरण घेणाऱ्याला पेढ्यांची परडी आणि गार पंखा कशाला लागतो, हे कुणी विचारलं नाही.

कृष्णात हात जोडून उभा होता. त्याच्या बायकोला, बयाबाईला, न्यूमोनिया झाला होता आणि त्यातच छातीचे ठोके वेडेवाकडे पडू लागले होते. डॉक्टरांनी भरती व्हायला सांगितलं होतं. पण तालमीतला जोडीदार हंबीरराव, आता मठाचा कारभारी, म्हणाला, "अंगारा चालू असताना गोळ्या चालत न्हाईत. माझ्यावर भरवसा हाय का न्हाय?" ज्याच्यासोबत तांबड्या मातीत वाढलो, त्याच्यावर नाही तर कुणावर ठेवायचा? मागच्या खेपेला महाराजांनी नाडी थांबवली आणि बयाबाईचे ठोके सरळ झाले, हे कृष्णातने डोळ्यांनी पाहिलं होतं.

आज मात्र मठातच चटईवर निजवलेल्या बयाबाईला धाप लागली, ओठ निळे पडले. तेवढ्यात महाराजांनीही मान टाकली. आपल्यापायी देवमाणूस गेला, या धास्तीने कृष्णातने पैलवानी सवयीने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उचललं.

काखेतून रबरी चेंडू टपकन पडला.

"आरं, माझा चेंडू!" गेलेले महाराज ओरडले.

चेंडू महाराजांचा नव्हताच. पकड घट्ट व्हावी म्हणून तालमीत मुठीत दाबायचा, हंबीररावाने चाकूने खूण केलेला तो चेंडू कृष्णातने लगेच ओळखला.

"हंबीर, तुला म्हाईत हुतं?"

"मला वाटलं, वहिनी आपसूक बऱ्या हुतील..."

कृष्णातने चेंडू खिशात टाकला. बायकोला उचलून त्याने दवाखाना गाठला.

ऑक्सिजन लावून, चेंडूची हकीकत ऐकल्यावर डॉ. अफसाना म्हणाल्या, "काखेत चेंडू दाबला की हाताची रक्तवाहिनी दबते, मनगटात ठोका लागत नाही. हृदय मजेत चालू असतं. न्यूमोनियाचा ताण पडला की ठोके बिघडू शकतात. कधी आपोआप सरळ होतात, पुन्हा बिघडतात. तेवढंच बुवाने आपल्या नावावर खपवलं. जंतू मारायला औषधच लागतं, भाऊ."

बयाबाई थोडक्यात वाचली. हंबीरराव भेटायला आला, तेव्हा कृष्णातने दारातच चेंडू त्याच्या हातात ठेवला.

"बुवा परका हुता. तू माझा हुतास की."

मंडळी, ठोके चुकले तर दवाखाना गाठा. आणि कुणी नाडी थांबवून दाखवली, तर मनगट धरत बसू नका. आधी त्याला दोन्ही हात वर करायला सांगा.