झाकणाखालचा डोळा

शहराचा कचरा आता पडद्यावर दिसत असे, आणि पडद्यावर त्याला वास नव्हता. कोपऱ्याकोपऱ्यावर मांडलेले डबे नकाशावर ठिपके होऊन लुकलुकत: रिकामा हिरवा, अर्धा पिवळा, भरलेला लाल. नियंत्रण कक्षात बसून त्या ठिपक्यांवर नजर ठेवणे, हे अपेक्षाचे काम. कोथरूडमधल्या तिच्या स्वतःच्या गल्लीचा ठिपका मात्र रोज सकाळी लाल होई आणि दुपार कलेपर्यंत लालच राही, रात्रभर जागलेल्या डोळ्यासारखा.

हे तिला पटत नव्हते. कारण त्या गल्लीत मैना होती.

अपेक्षा शाळेत जायची तेव्हापासून मैना घरोघर फिरून कचरा घेत आली होती. सुका निवडून भंगारात जाई, ओला सोसायटीच्या खतखड्ड्यात, आणि कोपऱ्यावरच्या डब्यात पडे ते केवळ उरलेसुरले. त्यापूर्वीची तिची वर्षे उघड्या कुंड्या उपसण्यात गेली होती. ही गल्ली मिळाली तेव्हा गळ्यात ओळखपत्र आले आणि लोक तिला ‘ए’ म्हणायचे थांबले, नावाने हाक मारू लागले. आता तीच गल्ली जायची वेळ आली होती. या डब्यांच्या प्रकल्पाचा नियम सरळ होता: जिथला डबा दिवसच्या दिवस भरलेला राहतो, तिथे दारोदारची निवड नीट होत नाही असे धरायचे आणि महिनाअखेर ती गल्ली महापालिकेच्या कचरागाडीकडे सोपवायची.

एके सकाळी कामावर निघताना अपेक्षाने डब्याचे झाकण स्वतः उचलून पाहिले. डबा तळापर्यंत रिकामा होता. झाकणाच्या आतल्या बाजूला एक पिशवी तेवढी लोंबत होती.

“मावशी, हे काय लटकवलंय?” तिने फाटकातून येणाऱ्या मैनाला विचारले.

“निर्माल्य हाय, ताई,” मैना हात पुसत म्हणाली. “देवाची फुलं. ती उष्ट्याखरकट्यात कशी टाकू? पहिल्या मजल्यावरच्या आजी तर बजावूनच देत्यात, मैना, पाय लागू देऊ नकोस हो. खाली ठिवलं की कुत्री वढत्यात. ह्या झाकनाला आतून आकडा हाय, लई सोय झाली बगा. दुपारी घरी जाताना बागेतल्या खड्ड्यात सोडते.”

त्या आकड्याशेजारीच, झाकणाच्या पोटात, बोटभर रुंदीचा काळा डोळा बसवलेला होता. आपल्याखाली किती पोकळी उरली आहे, एवढेच तो मोजत असे. त्याच्यापुढे वीतभर अंतरावर शेवंती आणि झेंडूची पिशवी होती, आणि तिच्यापलीकडचे जग त्याला नव्हतेच. रिकाम्या डब्याला तो अर्धा दिवस भरलेला म्हणत होता, अगदी प्रामाणिकपणे.

अपेक्षाने समजावले तेव्हा मैनाने पिशवी घाईघाईने काढली आणि लहान मूल उचलावे तशी छातीशी धरली. “म्हंजे मी माज्या हातानंच माजी चहाडी केली म्हना की,” ती म्हणाली. हसायला गेली, पण हसू ओठांपाशीच राहिले.

दुसऱ्या दिवशी ठिपका हिरवा झाला. तो हिरवा रंग अपेक्षाने दिवसभरात कितीदा तरी पाहिला, तहानलेल्याने पाणी पाहावे तसा. मग आठवडा सरता सरता त्याच्या डोक्यावर एक नारिंगी त्रिकोण उगवला. त्याखाली शब्द होते: अचानक बदल, छेडछाडीचा संशय.

ती प्रकल्पप्रमुख योगेशकडे धावली.

“सर, तिथे निर्माल्याची पिशवी टांगलेली होती. मी स्वतः पाहिली.”

“फोटो?”

फोटो काढायचे तिला सुचलेच नव्हते.

“तू तिला सांगितलंस आणि मग रीडिंग बदललं,” योगेश म्हणाला. “सिस्टिम वेगळं काय म्हणतेय?”

“पण डबा खरंच रिकामा असतो.”

“आता असतो. आधी होता हे कोण सांगणार? गाडीवाला? तो रोज झाकणात डोकं घालून बघतो, असं वाटतं तुला?” मग आवाज उतरवून तो म्हणाला, “तुमच्याच घरचा कचरा नेते ना ती? मग तू बोलूच नकोस. तुझं नाव आलं, तर अख्ख्या डेटावर शंका घेतील.”

“एकदा माणूस पाठवा, सर. पाहून येऊ दे.”

योगेशने तिच्याकडे जवळजवळ दयेने पाहिले. “माणूस पाठवायला लागू नये, म्हणूनच तर हे सगळं केलं ना आपण?”

संध्याकाळी ती सोसायटीच्या चेअरमनांकडे गेली. निर्माल्य आपण सगळेच देत होतो, एवढे दोन ओळींत लिहून द्या, अशी तिची विनंती होती.

“म्हणजे सार्वजनिक डब्यात आम्ही भलत्या वस्तू टांगायला लावल्या, हे आमच्याच सहीनं कळवायचं,” चेअरमन चष्मा पुसत म्हणाले. “उत्तम. दंडाची पावतीही आपणच आणून द्याल का?”

“काका, तिची गल्ली जाईल.”

“वाईट आहे. फार वाईट आहे.” त्यांनी चष्मा चढवला. “गाडी किती वाजता येणार म्हणालात?”

पहिल्या मजल्यावरच्या आजी सही करायला तयार होत्या. त्यांच्या मुलाने त्यांच्या हातून पेन काढून घेतले. आजींच्या एकटीच्या शब्दाला तसेही कुणी विचारले नसते. प्रकल्पाच्या समितीपुढे महिन्याचा आलेख गेला. आलेखात एक उंच लाल भिंत होती, मग एक कडा, आणि कड्याखाली थोडासा हिरवा उतार. त्या भिंतीत फुले होती हे आलेखाला सांगता येत नव्हते, आणि ज्यांना सांगता येत होते त्यांचा शब्द कुठेच नोंदवला जात नव्हता.

गाडी आली ती सोमवारी, गाणे वाजवत. लोक डबे घेऊन खाली उतरले. ओले-सुके एकाच पोटात रिते झाले. अपेक्षा गॅलरीत उभी राहून बघत होती. गाडी वळणाआड गेली आणि तिला फाटकाशी मैना दिसली. अंगावर धुतलेले लुगडे होते, गळ्यात ओळखपत्र नव्हते. रखवालदार तिच्याशी अदबीने काहीतरी बोलत होता, आणि ती मान हलवत होती.

अपेक्षाच्या आईने, वासंतीबाईंनी, तिला वर बोलावले. इतकी वर्षे मैनाचा चहा दाराबाहेरच व्हायचा, उभ्याउभ्या, पुढच्या दाराची घाई असायची. आज वासंतीबाई म्हणाल्या, “आत या. बसा.”

मैना खुर्चीच्या कडेवर बसली. समोर कप आला. “मावशी, मी…” अपेक्षाने सुरुवात केली आणि वाक्य तिच्या हातून निसटले.

“असू द्या ताई,” मैना म्हणाली. “तुमी तरी काय करनार?”

तिने कप उचलला. रोजच्या सवयीने भराभर दोन घोट घेतले, मग थबकली, कप पुन्हा बशीत ठेवला, आणि मांडीवर हात ठेवून बसून राहिली. चहा निवत गेला. तिला कुठे जायचे नव्हते.