मी खरवडलेले आकाश

मित्रांनो, मी अलेक्झांड्रियातल्या एका चित्रकर्तीची जुनी सुरी आहे. दचकू नका, माझ्याने साधा कांदाही चिरला जात नाही. माझे पाते पातळ आणि लवचीक आहे, धार मुळीच नाही. रंग कालवायचे आणि चुकलेला रंग कॅनव्हासवरून खरवडून काढायचा, हे माझे काम.

इन्शिराहने मला तरुणपणी विकत घेतले. चित्र काढताना ती चार पावले मागे जाई, मला हातात तोलून बघत राही आणि मग काय ठेवायचे, काय काढायचे ते ठरवी. तिची पहिली परीक्षक मीच, असे मला वाटे.

मग उस्ताद वगीह येऊ लागले. ते वर्तमानपत्रात चित्रांवर लिहीत. पुदिन्याच्या चहात चार चमचे साखर घालून घेत आणि पेल्यावरून चित्राकडे बघत. आता इन्शिराह मागे सरली की चित्राऐवजी त्यांच्या भुवयांकडे बघू लागली. माझा जळफळाट होई. ज्याच्या बोटांना कधी रंग लागला नाही, त्याची एक भुवई माझ्या अख्ख्या पात्याला भारी पडावी?

एकदा तिने आपल्या वारलेल्या वडिलांचे चित्र काढले. ते बंदरावर मासेमारीची जाळी विणत. त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. दोन दिवसांनी चित्र कैरोच्या प्रदर्शनाला जायचे होते. वगीह बराच वेळ त्यासमोर उभे राहिले.

"हात उत्तम. आकाश मात्र दुकानातून आणल्यासारखं."

"एवढंच? आठ महिन्यांत फक्त एक हात?"

"मादाम इन्शिराह, एक हात जमायला लोकांचा जन्म जातो."

"तुमचा तर गेलाच की, उस्ताद! एक तरी काढलात?"

तिने मला उचलले. "मग हा हातच काढून टाकते. लिहा काय लिहायचंय ते!"

खरे सांगते, मला आनंद झाला. त्यांना आवडलेली तेवढीच जागा मला पुसून टाकायची होती. हात आणि आकाश तिने कालच पुन्हा रंगवले होते, रंग अजून ओला होता. माझे टोक अंगठ्याला टेकले, तोच वगीहनी तिचे मनगट धरले. चहा त्यांच्या कोटावर सांडला.

"सोडा. चित्र माझं आहे."

"चित्र तुझंच गं. हात तुझ्या बाबांचा आहे."

ते तसेच ओल्या कोटाने निघून गेले. तिने मला अंगठ्यावरून वर, आकाशाकडे नेले आणि सारे आकाश खरवडून काढले. मागे रंगाचा पातळ थर राहिला, पहाटेच्या धुक्यासारखा. तो तिने तसाच ठेवला.

आठवड्याने लेख आला. आकाशात ब्रश किती हळुवार फिरला आहे, असे त्यात लिहिले होते. तिने हसत फोन लावला.

"उस्ताद, ब्रश नव्हता हो. सुरी होती, आणि तुमच्यावरचा राग!"

"मग चित्राखाली माझीही सही हवी होती," पलीकडून आवाज आला.

माझे नाव कुणीच घेतले नाही. तिने मला त्याच लेखाच्या कागदाने पुसले.

चित्रातल्या अंगठ्यावर एक बारीक रेघ आहे. लोकांना तो जाळ्याच्या दोरीचा व्रण वाटतो. तो माझ्या मत्सराचा आहे.

मित्रांनो, तैलरंग पाण्यासारखा सुकत नाही. त्यातले तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होत जाते आणि मग निघता निघत नाही. म्हणून माझ्यासारखीला वेळीच पुसा. मनात साठते तेही फार दिवस ठेवू नका.

वगीह आता काठी टेकत येतात. त्यांचा हेवा मला अजून वाटतो. पण ते महिनाभर आले नाहीत, तर इन्शिराह मला उचलतच नाही. म्हणून जिन्यावर काठी वाजते का, याकडे माझेही लक्ष असते.