जोतीरामकाकांची सिरियल

आमच्या चर्चमध्ये दर रविवारी देवाला बातम्या सांगतात. ते काम माझ्याकडं आहे.

देवाला सगळं आधीच ठाऊक असतं, हे मलाही मान्य आहे. पण मंडळीला नसतं, आणि नुसतं "जगासाठी प्रार्थना करू या" म्हटलं की लोक डोळे मिटून जेवणाचा विचार करतात. म्हणून दीप्ती पाळकबाई इंदापूरला आल्यावर त्यांनी ठरवलं, की उपदेशानंतर कुणीतरी उभं राहून आठवड्यात काय काय झालं ते सांगायचं आणि मग सगळ्यांनी त्यावर प्रार्थना करायची. मी तेव्हा बारामतीच्या कॉलेजातून पदवी घेऊन घरी बसलो होतो आणि दिवसभर मोबाइल बघत होतो. पाळकबाईंनी याला पात्रता म्हटलं. आमच्या घरात तो शब्द माझ्या बाबतीत पहिल्यांदाच वापरला गेला.

तर आम्ही प्रार्थना करतो. गाझातल्या लेकरांसाठी करतो, कारखान्याच्या निवडणुकीत उभ्या असलेल्या दोन्ही पॅनेलसाठी करतो. आम्ही तांदूळ वाटून लोकांना बाटवतो असा मेसेज फिरवणाऱ्यांसाठीही करतो, कारण वैऱ्यासाठी प्रार्थना करायची हा आमच्यातला नियम आहे. शिवाय त्यांचा गैरसमज मोठा आहे. आमचा नाताळचा पुलाव आमच्याच माणसांना पुरत नाही. उजनीचं पाणी सगळ्यांना सारखं मिळो, सोलापूरकरांनाही मिळो, असंही पाळकबाई मागतात. त्यावरचं आमेन जरा हळू येतं.

सिरियलचा विषय दगडाबाईंनी आणला. त्या मंडळीतल्या सगळ्यात जुन्या, पहिल्या बाकावर बसतात. एका रविवारी मी बातम्या संपवत होतो तर म्हणाल्या, "ऋषिराज, त्या आठच्या शिरेलीतली सून कोमात हाय. तिचंबी घे."

मी पाळकबाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "घे."

घेतलं. पुढच्याच आठवड्यात सून शुद्धीवर आली. तेव्हापासून या बाबतीत कुणी शंका काढत नाही.

मग ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, की दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना लग्नाचा हक्क द्यायचा का ते संसदेनं बघावं, कोर्ट काही देणार नाही. मी तो त्या रविवारी सांगितला. पाळकबाई म्हणाल्या, "ज्यांची मनं मोडली, त्यांच्यासाठी." आमेन म्हणायला त्या एकट्याच निघाल्या. जोतीरामकाका साळवे उठून बाहेर गेले आणि दारातल्या चपला जोडीनं लावत बसले.

जोतीरामकाका बारामती डेपोतून निवृत्त झालेले. आयुष्यभर माइकवरून गाड्या पुकारल्यामुळं घरातही छापील बोलतात. ते प्रार्थनेला उभे राहिले की "हे कृपाळू पित्या" नंतर आता फलाट क्रमांक येणार असं वाटतं. त्यांचा मुलगा दीपक पुण्यात बँकेत आहे आणि एका मित्राबरोबर राहतो. बरीच वर्षं गावाकडं आलेला नाही. का आला नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पण आमच्यात बोलायची पद्धत अशी, की त्याला सुट्टी मिळत नाही. बँकेला किती सुट्ट्या असतात हेही सगळ्यांना माहीत होतं.

नोव्हेंबरात काकांनी मला स्टँडसमोर गाठलं आणि चहा सांगितला.

"बातम्यांत एक घ्यायचंय," ते म्हणाले. "एक सिरियल आहे."

काका सिरियल बघत नाहीत. त्यांच्याकडचा टीव्ही फक्त कुस्त्यांसाठी लागतो.

"तिच्यात एक बाप आहे. त्याचा मुलगा घरी येत नाही."

"का येत नाही?"

"बापानंच सांगितलंय येऊ नको म्हणून." काकांनी चहा ढवळला. टपरीवरच्या चहात ढवळण्यासारखं काही नसतं. त्यांनी बिस्किटानं ढवळला. "आता बापाला ते वाक्य मागं घ्यायचंय. पण कसं घेतात, ते अजून दाखवलेलं नाही."

"कुठल्या चॅनेलवर असते?"

"ते पाहिलं नाही."

"किती वाजता?"

"वेळ बदलत असते."

बिस्कीट चहात पडलं. आम्ही दोघं ते बुडताना बघत बसलो.

अशी सिरियल नाही. जगातल्या फार कमी गोष्टी मी खात्रीनं सांगू शकतो, त्यातली ही एक. मी पाळकबाईंकडं गेलो आणि विचारलं, "जी सिरियलच नाही, तिच्यासाठी प्रार्थना चालते का?"

"प्रभूनं दाखले म्हणून गोष्टी सांगितल्या," त्या म्हणाल्या, "त्यातली माणसं कुठल्या गावची होती रे? घे तू."

रविवारी मी उभा राहिलो. निवडणूक, हवामान, एका क्रिकेटपटूचा गुडघा, असं करत शेवटी म्हणालो, "आणि एका सिरियलमधल्या बापासाठी. त्याला मुलाला घरी बोलवायचंय, पण जमत नाही."

कोणती सिरियल, असं आता कुणीतरी विचारणार म्हणून मी एक खोटं नाव तयार ठेवलं होतं.

"ती व्हय," दगडाबाई म्हणाल्या. "बघते मी. लई रडिवत्यात."

मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्याकडंबी लागते."

पुढच्या रविवारपर्यंत निम्मी मंडळी ती बघत होती. त्याच्या पुढच्या रविवारी उपासनेनंतर कथानकावरून वाद झाले. बाप तापट दाखवलाय, एकजण म्हणाला. तापट नाही, घाबरट आहे, दुसरा म्हणाला. चार लोक काय म्हणतील म्हणून घाबरला. आई असती तर ही वेळ आली नसती, असं एका बाईनं सांगितलं. काका सगळं ऐकून घेत होते आणि मान हलवत होते, तक्रार खिडकीवरच्या माणसासारखी.

"मुलगा एकटा न्हाय राहत," पेटी वाजवणारी अबोली म्हणाली. ती पेटीच्या भात्याकडं बघत बोलली. "मित्र असतो त्याचा. दोघांचं मिळून घर हाय."

हे पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्यानं म्हटलं होतं. काकांकडं कुणी बघितलं नाही. एवढ्या माणसांनी एका माणसाकडं न बघणं फार कष्टाचं असतं, माझी मान अवघडली.

"मग त्या मितराचं नाव काय?" दगडाबाईंनी विचारलं. "नुसतं मितर मितर म्हणून कसं मागायचं? पुण्यात देवानं कुनाकुनाला इचारत हिंडायचं?"

काका उभे राहिले. "नाव अजून दाखवलेलं नाही," ते म्हणाले आणि खाली बसले.

तेव्हा मला कळलं, की त्यांना खरोखरच माहीत नाही. दीपकनं सांगायचा प्रयत्न केला असेल, त्या नावाच्या आधीच काकांनी गाडी सोडली असेल.

"मग इचार की जोतीराम," दगडाबाई म्हणाल्या. "शिरेलवाल्यास्नी फोन लागत आसंल."

काकांनी खिशातला मोबाइल चाचपला.

त्या वर्षी नाताळचा आदला दिवस रविवार होता. मी बातम्यांचा कागद घेऊन उभा राहिलो, तेवढ्यात काकाच उठले. त्यांनी घसा साफ केला, आणि चर्चभर तो डेपोचा आवाज घुमला.

"सिरियलमधल्या मित्राचं नाव निहार आहे."

काकांनी माझ्या कागदाकडं बोट केलं, हे लिहून घे म्हणून.

"फोन लावून विचारलं. समोरून आधी बराच वेळ कुणी बोललं नाही. राँग नंबर लागला असं वाटलं. मग रडल्याचा आवाज आला. कुणाचा ते सांगता येणार नाही, दोन्हीकडून येत होता. मग नाव सांगितलं."

"म्होरं?" दगडाबाई म्हणाल्या.

"दोघं उद्या येतायत. पुण्याहून, भिगवणमार्गे." काका थांबले. हात माइकचं बटण शोधत होता. "गाडी वेळेवर आहे."

पाळकबाईंनी नुसतं म्हटलं, "दीपकसाठी आणि निहारसाठी." आमेन असं आलं की सोलापूरला ऐकू गेलं असावं.

नाताळच्या सकाळी काका उजाडल्यापासून स्टँडवर होते. आयुष्यभर लोकांना गाड्या सांगितल्या, पण स्टँडच्या बाकावर वाट बघत बसलेले ते कुणाला दिसले नव्हते. मला दिसले, कारण पाळकबाईंनी मला लांब उभं राहून लक्ष ठेवायला सांगितलं होतं. गाडी आली ती अर्धा तास उशिरा. आयुष्यात पहिल्यांदाच काकांनी कुणाला कारण विचारलं नाही.

चर्चच्या दारात दोघांनी बूट काढले. दीपकचे एकीकडं, निहारचे दुसरीकडं पडले. काका वाकले आणि चारही बूट शेजारी शेजारी लावून ठेवले. मग आत आले.

दगडाबाईंनी दीपकला वरपासून खालपर्यंत बघितलं. "टीव्हीत बारीक दिसत व्हतास," त्या म्हणाल्या. मग निहारचा हात धरून त्याला आपल्या बाकावर सरकवलं. "निहार न्हवं का तू? बस हितं. कालपास्नं तुझं नाव घिऊन घसा बसला माझा."

पुलाव यंदाही पुरला नाही. निहार माझ्या शेजारी बसून अर्धी वाटी पुलाव बेतानं खात होता. थोड्या वेळानं हळूच म्हणाला, "मी तर इथं पहिल्यांदा येतोय. या सगळ्यांना माझं नाव कसं माहीत?"

"आम्ही तुमची सिरियल बघतो," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली, नव्या सासरी काहीही सांगितलं तरी माणूस हलवतो तशी, आणि काकांनी त्यांच्या ताटातला पुलाव उचलून त्याच्या वाटीत घातला.