मुंग्या न आलेली बशी

पहिल्या बशीला मुंग्या चिकटल्या तेव्हा हॉलमध्ये कुजबुज झाली. दुसऱ्या बशीकडे एकही फिरकली नाही, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट.

"ही माझ्या औषधाची पुडी घेण्याआधीची लघवी, ही तीन दिवसांनंतरची!" मुंगीवाले काका माइकमध्ये म्हणाले. "साखर गायब! डॉक्टर खोटं बोलेल, मशीन खोटं बोलेल. मुंगीला कुणी लाच दिलीय का आजवर?"

लोक हसले. दोन्ही बशांतले थेंब माझ्या धाकट्या बहिणीचे होते. तीन दिवस तिनं इन्सुलिन घेतलं नव्हतं आणि शेजारी बसून ती घटाघटा पाणी पीत होती.

"बघितलंस ना ताई? सुई बंद म्हणजे बंद."

गेल्या वर्षी याच हॉलमध्ये माझ्या नवऱ्याच्या बशीलाही मुंग्या आल्या नव्हत्या. अकराव्या दिवशी तो गेला. काकांचा निरोप आला, विश्वास कमी पडला. तेव्हापासून माझ्या आत काही हलत नाही. जेवते, शाळेत जाते, वाचनखोलीतली पुस्तकं पुसते. माझं शिक्षणही तेवढंच, पुसता पुसता वाचलेलं.

शाळेत चौथीच्या बाईंचा यंदा नवाच उद्योग. प्रत्येकानं एक प्राणी निवडायचा, बघायचा, दिसेल ते लिहायचं आणि मग त्याच्यावरचं पुस्तक वाचायचं. पुस्तक दिसलं की टेबलाखाली शिरणाऱ्या माझ्या भाचीनं, याच बहिणीच्या लेकीनं, मुंग्या निवडल्या. एकदा सर्दीसाठी चोळलेल्या बामाचेच हात तिनं साखर ठेवायच्या पुठ्ठ्याला लावले, आणि मुंग्या साखरेकडे येईनात. "हिनं प्रयोग नासवला!" वर्ग ओरडला. बाई म्हणाल्या, "नासवला कसला? तिला काहीतरी सापडलंय. काय ते शोध गं, आणि लिही." पोरगी चार दिवस माझ्या खोलीत एका जाडजूड पुस्तकावर बोट फिरवत बसली होती.

तीच आता हॉलमध्ये माझ्या कानाशी लागली. "मावशी, मघाशी मी बशी जवळून बघून आले. दुसरीला बामाचा वास येतोय."

"काका गुडघ्याला लावतात बाम."

"गुडघ्याला ना? मग बशीला कशाला?"

मी काही म्हणायच्या आत ती मंचावर पोचली होती.

"काका, या बशीत साखर टाकू?"

"बाळ, ही काय भातुकली आहे?"

"मुंग्या साखरेला येतात ना? मग आता येतील."

"टाकू द्या की!" पुढच्या रांगेतला न्हावी म्हणाला. "पोर मुंगीला लाच तर देत नाही!"

चहाच्या टेबलावरून चमचाभर साखर आली. मुंग्या बशीच्या कडेपर्यंत आल्या, मिशा हलवल्या आणि मागे फिरल्या. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"पोटं भरलीत त्यांची," काका म्हणाले.

"पहिल्या बशीवर तर तुटून पडल्यात," न्हावी म्हणाला.

भाचीनं चहाची एक धुतलेली बशी घेतली, मंचावर ठेवलेल्या आईच्या दुसऱ्या, पुडीनंतरच्या बाटलीतले थेंब तिच्यात ओतले. थोड्याच वेळात काठावर काळी रांग लागली. मग तिनं वही काढली आणि अडखळत वाचलं, "मुंग्या वासावर चालतात. बामाचा वास आला की मागे फिरतात. साखर असली तरी."

वही मिटून ती आईकडे वळली. "आई, तुझी साखर गेलेली नाही. मुंग्यांना ती कळली नाही, एवढंच."

काका माइकची वायर गुंडाळायला लागले. बहीण उठली, तिचा तोल गेला. न्हाव्यानं आणि मी तिला धरून दवाखान्यात नेलं. "अजून एक दिवस थांबला असतात तर कठीण होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सलाइन लागलं, सुई टोचली.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून मी एवढाच विचार करत होते की गेल्या वर्षी हॉलमध्ये दोनशे माणसं होती, टेबलावर साखर होती, आणि एक चमचा मागायचं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

म्हणून सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर टाळी वाजवण्याआधी विचारा, हेच जरा वेगळ्या बशीत करून दाखवता का? पोरांना विचारायला शिकवा. मुंग्या दाखवा, गांडुळं दाखवा, बघितलेलं लिहू द्या, वाचू द्या. आणि उत्तर मिळेपर्यंत औषध चालू ठेवा.